आपांचा गुरुवार

आपांचा आवाज आधी यायचा आणि आपा नंतर. औरंगपुऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात त्या वाचायला बसल्या, की पलीकडच्या नळावर घागर भरणाऱ्या बाईलाही गोष्टीतला राजा काय म्हणाला ते स्वच्छ कळायचं. आवाज गोड मुळीच नव्हता. जाड होता, किंचित खरखरीत, एखाद्या फौजदाराला शोभावा असा. आणि तो ज्या देहातून यायचा तो देह एवढासा. पांढरी साडी, कपाळापर्यंत ओढलेला पदर, नाकावर सतत घसरणारा चष्मा. एकदा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला मंडळींनी हौसेनं लाऊडस्पीकर आणला. आपांनी तो माईक दोन बोटांनी धरून बाजूला सरकवला आणि म्हणाल्या, "याला घरी पाठवा. हा मध्ये मध्ये खोकतो." त्या दिवशी रस्त्यावर उभे राहिलेले टांगेवालेसुद्धा शेवटपर्यंत ऐकत होते.

आपा म्हणजे मोठी बहीण. त्यांचं खरं नाव मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं आणि ते विचारावं असंही कधी वाटलं नाही. हिंदू-मुसलमान, लहान-थोर, सगळे त्यांना आपाच म्हणत. त्यांच्याहून वयानं मोठ्या बायकाही.

त्या वाचनालयात पहिल्यांदा कशा आल्या ते मला आमच्या ग्रंथपालांनी, नानांनी सांगितलं. आपा मुलींच्या शाळेत उर्दूतून इतिहास शिकवत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेऱ्यांबरोबर शाळांचीही भाषा बदलू लागली. त्यांच्या शाळेतल्या शिक्षकांना सांगण्यात आलं, की मराठी शिकून परीक्षा द्या, नाहीतर जागा सोडा. आपांचे बरेच सोबती हैदराबादला निघून गेले, काही त्याच्याही पलीकडे. आपांचं वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही, घरात अंथरुणाला खिळलेली आई. ती नोकरी गेली असती तर दोघींचं काही खरं नव्हतं.

एका दुपारी बुरख्यातल्या एक बाई नानांच्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुरुषांनी माना वर केल्या. त्या काळात वाचनालयात बाईमाणूस फिरकत नसे. घरातल्या बायकांना पुस्तक हवं असलं तर मुलाच्या हाती चिठ्ठी यायची.

"पहिलीचं पुस्तक आहे काय?" बाईंनी विचारलं.

"आहे ना," नाना म्हणाले. "मुलगा पहिलीत आहे का?"

"मुलगा नाही. मी आहे पहिलीत."

नाना सांगायचे, त्या असं बोलल्या आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं उभ्या राहिल्या, की हसायचं कुणाला सुचलंच नाही.

मग आपा रोज येऊ लागल्या. पण त्यांना मनातल्या मनात वाचता येत नसे. म्हणजे उर्दू येई, मराठी येत नसे. त्यांचं म्हणणं होतं, "डोळ्यानं वाचली तर डोळा फसवतो. तोंडानं वाचली तर तोंड फसवत नाही." म्हणून त्या मोठ्यानं वाचत, आणि आपांचं मोठ्यानं म्हणजे काय ते सांगितलंच. वर्तमानपत्रवाल्या मंडळींनी तक्रार केली. त्यांचंही बरोबरच होतं. नानांनी मग मागचा व्हरांडा झाडून दिला. तिथं जुन्या मासिकांचे गठ्ठे पडलेले असत. तिथं कुणाला त्रास होणार नाही असा त्यांचा हिशोब. व्हरांड्याच्या भिंतीपलीकडं गल्लीचा नळ आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

नळावरच्या बायकांना आधी हसू आलं. ही कोण एवढी मोठी बाई 'बाल रडते, बाल हसते' म्हणत बसलीय. एक दिवस कुणाला तरी राहवलं नाही आणि ती भिंतीवरून ओरडली, "बाल नव्हं बाई, बाळ. ळ. जीभ वर न्या, टाळूला लावा." आपांनी जीभ टाळूला लावून बघितली. नाही जमलं. पुन्हा बघितली. पलीकडून आणखी दोघी-तिघी सांगू लागल्या. शेवटी घागरी नळाशीच ठेवून त्या बायका दार उघडून आत आल्या आणि व्हरांड्यात बसल्या. त्यातल्या एकीलाही अक्षरओळख नव्हती. आपा वाचत, बायका उच्चार सुधारत, आणि सुधारता सुधारता गोष्ट ऐकत. अशी ती बैठक सुरू झाली. कुणी ठराव केला नव्हता की फलक लावला नव्हता.

परीक्षा झाली. आपा पास झाल्या, नोकरी राहिली. पुढच्याच गुरुवारी त्या व्हरांड्यात हजर. नानांनी विचारलं, "आता कशाला त्रास घेता? झालं की तुमचं काम."

"माझं झालं," आपा म्हणाल्या. "पण राजाचा मुलगा अजून विहिरीतच आहे. त्या बायका मला रस्त्यात अडवून विचारतात, काढला काय त्याला. त्यांना काय सांगू मी?"

मी लग्न होऊन जालन्याहून या शहरात आले तोवर आपांचा गुरुवार चांगलाच रुळला होता. दर गुरुवारी दुपारी, जेवणखाण आवरल्यावर, चहाची वेळ होईपर्यंत. आमच्या घराच्या गच्चीवर मी पापड वाळत घालत असताना पहिल्यांदा तो आवाज ऐकला. खलाशाची गोष्ट चालली होती. समुद्र मी पाहिलेला नव्हता, पण ऐकता ऐकता पापडाचं पीठ हातातच वाळून गेलं. पुढच्या गुरुवारी दळणाचा डबा काखेत मारून मी घराबाहेर पडले आणि गिरणीऐवजी व्हरांड्यात जाऊन बसले.

तिथं गेल्यावर दिसलं, की कुणाचाच हात रिकामा नाही. कुणी तांदूळ निवडतंय, कुणी वाटाणे सोलतंय, कुणी बटणं शिवतंय. आपांचा आग्रहच होता तसा. "कान मला द्या, हात तुमचे तुमच्याकडं ठेवा," असं त्या म्हणत. त्यांना पक्कं ठाऊक होतं, की काम घेऊन आलेल्या बाईला घरी गेल्यावर कुणी काही बोलू शकत नाही. बैठक संपली की व्हरांड्याभर सालं आणि देठ पडलेले असत. आपा पदर खोचून ते स्वतः झाडत. आम्ही झाडू हातात घेतला तर देत नसत.

दुसरा त्यांचा नियम मला फार विचित्र वाटला. जी सगळ्यात उशिरा येईल तिनं सगळ्यात पुढं बसायचं. मी एकदा विचारलं, "आपा, शाळेत तर उशिरा येणाऱ्याला बाहेर उभं करतात."

"शाळेत करते मी पण," त्या म्हणाल्या. "पण सुमन बेटा, इथं जिला उशीर होतो तिला घरी काम जास्ती असतं. ती थकून येते. तिला मागं बसवली तर झोपंल ती."

संक्रांतीला वाचनालयातच हळदीकुंकू करायचं ही कल्पनाही आपांची. कुंकू आम्ही एकमेकींना लावायचं, आपा आणि त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका तिळगूळ घ्यायच्या, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात एकेक पुस्तक. मात्र महिन्याभरात परत आणून द्यायचं. परत द्यायचं वाण आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. नाना दारात उभे राहून कोण कुठलं पुस्तक नेतंय ते टिपत होते आणि आपा त्यांना दटावत होत्या, "नाना, वाण देताना असं पोलिसासारखं बघायचं नसतं."

माझ्या सासूबाईंना हे काही ठाऊक नव्हतं. म्हणजे मी गिरणीच्या नावाखाली कुठं जाते ते त्यांना कळत नव्हतं, पण व्हरांड्यात कोण वाचतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्या फुलंब्रीजवळच्या एका खेड्यातल्या. रझाकारांच्या धामधुमीत त्यांचं घर जळालं होतं आणि सगळं कुटुंब कन्नडचा घाट उतरून खानदेशात पळालं होतं. एवढंच मला माहीत. त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नव्हत्या, माझे यजमानही नाही. फक्त रस्त्यानं बुरख्यातली बाई समोरून आली की त्या रस्ता ओलांडून पलीकडं जात.

एका गुरुवारी त्यांनी मला गाठलं. व्हरांड्याचं दार ढकलून त्या आत आल्या, तेव्हा आपा ऐन रंगात वाचत होत्या आणि मी वाटाणे सोलत बसले होते. 

"ऊठ," सासूबाई म्हणाल्या.

मी उठायच्या आत आपा म्हणाल्या, "या. तुम्ही सगळ्यात उशिरा आल्या. पुढं या, बसा."

"बसायला नाय आले मी. सून न्यायला आले. तुमच्यासारखीचं ऐकायला पाठवलं नव्हतं तिला."

व्हरांड्यात कुणाचाही हात हलत नव्हता. सासूबाईंचा आवाज चढला. "तुमच्या लोकांनी आमचं घर जाळलं. म्हाईत हाय का तुम्हाला?"

मला वाटलं, आता आपांचा तो फौजदारी आवाज लागेल. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि अगदी हळू, मी त्यांना तोवर कधीच एवढं हळू बोलताना ऐकलं नव्हतं, असं विचारलं, "कोणतं गाव?"

सासूबाईंनी गावाचं नाव सांगितलं.

"घरात कोण कोण होतं?"

सासूबाई उभ्या उभ्या सांगू लागल्या. भांडायला आल्यासारख्याच सांगत होत्या. सासरे होते, दीर होता, दोन पोरं होती आणि एक तान्ही मुलगी. बैल सोडून दिले. दाणे तसेच कणगीत. चालत निघालो. सांगता सांगता त्या कधी बसल्या ते त्यांनाही कळलं नसावं. आपा मध्ये एकच शब्द बोलत, "मग?" आणि सासूबाई पुढं सांगत. घाट उतरताना तान्हीला ताप चढला. खाली उतरले तेव्हा अंग गार झालं होतं. ओढ्याकाठी पुरलं. "कोणत्या झाडाखाली, तेबी आता सापडायचं नाय," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

माझ्या यजमानांना आणखी एक बहीण होती, हे मला त्या दिवशी व्हरांड्यात कळलं.

आपांनी त्या दिवशी पुढं वाचलं नाही. "झालं गेलं विसरा" असं त्या म्हणाल्या नाहीत, की "सगळेच तसे नसतात" असंही नाही. माठातून पाणी आणून सासूबाईंसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, "आज यापुढं मी काय वाचणार?" सासूबाईंनी त्या पाण्याकडं बराच वेळ पाहिलं. प्यायल्या नाहीत. मला घेऊन घरी आल्या. 

पुढच्या गुरुवारी मी जायचा विषयच काढला नाही. दुपारी सासूबाई स्वतःच उठल्या, सुपात तूरडाळ घेतली आणि मला म्हणाल्या, "चल." व्हरांड्यात जाऊन त्या सरळ आपांच्या समोर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "तुमचं कोण गेलं?"

आपांनी चष्मा काढला. "भाऊ," त्या म्हणाल्या. "मोठा. मराठवाड्याच्या त्या टोकाला नोकरीला होता. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तिथून निघाला म्हणून निरोप आला."

"मग?"

"मग काही नाही. पोचला नाही."

सासूबाईंनी सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. आपाही डाळ निवडू लागल्या. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "वाचा की आता. त्या खलाशाचं काय झालं म्हणं? ही पोरगी झोपेत बडबडती त्याचं." माझ्या सासूबाईंनी त्यानंतर गुरुवार चुकवल्याचं मला आठवत नाही. त्या मैत्रिणी झाल्या असं मी म्हणणार नाही. एकमेकींच्या घरी त्या क्वचितच गेल्या. पण व्हरांड्यात सासूबाईंची जागा कायम आपांच्या गुडघ्याशी असे, आणि 'ळ' चुकला की त्या लगेच आपांना दुरुस्त करत.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा हा गुरुवार मोडेल असं वाटलं होतं. नळ कोरडे पडले. टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून बायका सकाळपासून रस्त्यावर घागरींची रांग लावून उन्हात बसत. दोन गुरुवार व्हरांड्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी पाहतो तर आपा छत्री आणि पुस्तक घेऊन रांगेत हजर. त्यांची स्वतःची घागर कुठंच नव्हती. एका दुकानाच्या ओट्यावर त्या चढल्या, छत्री एकीच्या हातात दिली आणि वाचायला सुरुवात केली. जत्रेत ताटातूट झालेल्या दोन भावांची कादंबरी होती ती. त्या रांगेत रोज मारामाऱ्या होत, डोकी फुटत. त्या दुपारी ज्या बायकांनी आपांना कधी पाहिलंही नव्हतं त्या घागरी सरकवत सरकवत ओट्याजवळ आल्या. टँकर आला तेव्हा पहिल्यांदाच कुणी धावलं नाही. रांगेतली एक म्हातारी ड्रायव्हरला म्हणाली, "लेकरा, दोन मिन्टं थांब. थोरल्याला धाकटा सापडतोय का ते कळू दे." ड्रायव्हर खाली उतरला, टायरला टेकून त्यानंही ऐकलं.

उन्हाळाभर आपा दर गुरुवारी त्या ओट्यावर उभ्या राहिल्या. पाणी कुणाचंही घेतलं नाही. नाना म्हणायचे, वाचनालयाची इमारत इथं आहे, पण वाचनालय छत्री घेऊन हिंडतं.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आपांचा आवाज बसू लागला. आधी सगळ्यांनी आल्याचा रस, ज्येष्ठमध वगैरे सुचवून पाहिलं. मग गिळायला त्रास होऊ लागला. घशात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं. गाठ काढली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. पूर्णपणे गेला. गळ्याशी श्वासासाठी छिद्र ठेवलं होतं, त्यावर त्या पांढरा मलमलचा रुमाल बांधत. त्यांची भाची रेहाना तेव्हा त्यांच्याजवळ राहत होती. तिनं नानांना येऊन सांगितलं, की डॉक्टर म्हणतात जीव वाचला हेच खूप.

आम्ही भेटायला गेलो. आपा पलंगावर बसल्या होत्या.  सासूबाईच तेवढ्या म्हणाल्या, "तुम्ही निस्ती मान हालवा. आम्ही समजून घिऊ." आपांनी मान हलवली. परत येताना सगळ्यांनी मनोमन धरलं, की आता गुरुवार संपला. नानांनी व्हरांड्यातली सतरंजी गुंडाळून कपाटावर ठेवून दिली.

महिना-दीड महिना गेला असेल. एका गुरुवारी दुपारी रेहाना धावत आली. "आपा व्हरांड्याकडं निघाल्यात. तुम्हाला बोलावलंय."

आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी सतरंजी स्वतः अंथरली होती. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक, गळ्याला रुमाल. बायका गोळा झाल्या. कुणीच काही काम आणलं नव्हतं. सगळ्या नुसत्या बसून राहिल्या. आपांनी पुस्तक उघडलं, खुणेचं पान काढलं आणि पुस्तक माझ्यापुढं धरलं.

मी मॅट्रिक झालेली. पण बाईनं मोठ्यानं बोलू नये असं वळण असलेल्या घरात मी वाढले होते आणि तशाच घरात आले होते. लग्नानंतर चार माणसांत माझा आवाज कुणी ऐकला नव्हता. मी मान हलवली, मागं सरकले. आपांनी पुस्तक तसंच धरून ठेवलं. हातात अजून ताकद नव्हती, पण त्या तो खाली घेईनात. शेवटी मला त्या हाताची दया आली म्हणून मी पुस्तक घेतलं.

पहिलं पान मी काय वाचलं ते मला सांगता येणार नाही. मी नुसती पुटपुटत होते. आपांनी तळहात वर उचलला. मोठ्यानं. मी आवाज चढवला तर घाई झाली. त्यांनी तळहात खाली दाबला. सावकाश. असं करत करत मी पानं उलटत गेले, आणि एका ठिकाणी मान वर केली तेव्हा मला आपांचा चेहरा दिसला. ज्या बाईचं सगळं आयुष्य आवाजावर उभं होतं, तिचा तो आवाज गेलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर स्वतःविषयी काहीही नव्हतं. पुढं काय झालं, एवढंच होतं. इतकी वर्षं त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं, पण वाचून दाखवलेलं ऐकायला त्यांना कधी मिळालंच नव्हतं. त्या पुढं झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होत्या. मी आजवर बरीच मोठी माणसं पाहिली, व्यासपीठावरचीही पाहिली. त्या दुपारी आपांपुढं मला जसं वाटलं तसं पुन्हा कुणापुढं वाटलं नाही.

मग दर गुरुवारी नवी बाई. ज्यांना ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यापुढं पुस्तक धरलं गेलं आणि कुणाचीही सुटका झाली नाही. एक दिवस सासूबाईंनी विचारलं, "समद्या वाचणार. माझी पाळी आली म्हंजे मी काय करू?" आपांनी पदराची गाठ सोडली, आतून खडू काढला आणि फरशीवर एक घागर काढली. घागरीशेजारी 'घ' काढला. सासूबाईंकडं बोट दाखवलं.

"घागर," सासूबाई म्हणाल्या.

आपांनी घागर पुसली, नुसतं अक्षर ठेवलं.

"घा... घ," सासूबाई म्हणाल्या.

असा वर्ग सुरू झाला. मास्तरीणबाईंना आवाज नाही आणि शिष्या सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या. बोलती मास्तरीण असती तर उत्तर सांगून मोकळी झाली असती. इथं उत्तर ज्याचं त्यानंच तोंडातून काढायचं. चुकलं की आपा मान हलवत आणि वाट बघत. त्यांच्याइतकी वाट बघणारं माणूस मी पाहिलं नाही. सासूबाई चिडत, "सांगा की एकदाचं," म्हणत, आणि मग आपलं चुकलं म्हणून स्वतःच कपाळावर हात मारून घेत. मग पुन्हा डोळे बारीक करून फरशीकडं बघत.

माझी नणंद कन्नडला दिलेली आहे. तिच्याकडं जायचं तर सासूबाईंना कुणीतरी गाडीत बसवून द्यावं लागे. एसटी स्टँडवर कुठली गाडी कुठं जाते ते कळत नसे आणि दहा जणांना विचारायची लाज वाटे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्या एकट्याच गेल्या. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही; नणंदेचा निरोप आला तेव्हा कळलं. चार दिवसांनी आल्या त्या घरी न येता स्टँडवरून थेट व्हरांड्यात, पिशवीसकट. गुरुवारच होता. आपांसमोर बसून म्हणाल्या, "पाटी वाचून बसले गाडीत. कुणाला इचारलं नाय. त्यातला एक न मोडका व्हता, तुम्ही शिकवला नव्हता तसला. पण म्या वळखला." आपा हसल्या. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि रुमाल फडफडत होता. हसता हसता त्यांनी फरशीवर तो मोडका न काढून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "ह्योच तो."

आणखी पाच-सहा वर्षं आपा आमच्यात होत्या. शेवटच्या उन्हाळ्यात गाठ पुन्हा उठली आणि त्या या वेळी मुंबईला जायला तयार झाल्या नाहीत. आम्ही दोघी-दोघी करून त्यांच्या घरी जाऊन वाचत होतो. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागे. आम्ही थांबलो की त्या डोळे न उघडता तळहात वर उचलत. सोमवारी सकाळी त्या गेल्या. पुरुषमंडळी त्यांना घेऊन गेली, नानाही सोबत गेले. आम्ही बायका त्यांच्या अंगणात रेहानाच्या भोवती बसून राहिलो. त्यांच्या आणि आमच्या रीती निराळ्या, पण उठून घरी जाववेना.

त्या आठवड्यात वाचनालयानं दुखवटा म्हणून व्हरांडा बंद ठेवायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी मात्र बायका सवयीनं आल्याच. दाराला कुलूप होतं. नाना निवृत्त झाले होते, तरी त्या दाराची चावी त्यांच्याकडंच असे. ते बाकावर बसले होते, डोळे सुजलेले.

"आजचा दिवस बंद ठेवू या," ते म्हणाले. "त्यांच्यासाठी."

एक-दोघी परत फिरल्या. रेहाना आली होती, तिनंही मान खाली घातली. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत पुढं झाल्या. त्यांना आता नीट दिसत नव्हतं, चालवतही नव्हतं.

"नाना," त्या म्हणाल्या, "त्यांचा आवाज गेला तवा त्यांनी ठिवलं व्हतं का बंद?"

नानांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग कोटाच्या खिशात हात घालून चावी काढली.

सतरंजी अंथरली. कोण वाचणार हे ठरवायची वेळ आली तेव्हा एकदम तीन-चार हात पुढं आले. रेहानाला पुस्तक दिलं. मराठी अक्षरं ती उशिरा शिकली, म्हणून आज पहिल्यांदाच वाचत होती. आवाज बारीक होता, पण बसलेल्यांच्या मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. मध्ये कुणीतरी उठून दिवा लावला, कारण आम्ही चहाची वेळ कधीच ओलांडली होती.

घरी परतताना सासूबाई माझ्या हाताला धरून चालत होत्या. पैठण गेटापाशी त्या थांबल्या. मला वाटलं, दमल्या असतील. मग म्हणाल्या, "रडायचं म्हणून आले व्हते मी. ऐकता ऐकता राहूनच गेलं बघ."